बागेला औषध, घरात लेकरू

जून लागला, पहिला पाऊस झाला की धाराशिव जिल्ह्यातल्या गावागावांत ओट्यावर, पडवीत सोयाबीनच्या बियाण्याला औषध चोळायचं काम निघतं. गोणपाटावर बी पसरतात, वरून बुरशीनाशक आणि कीटकनाशक ओततात आणि हातानं खालवर करतात. पिवळं बी बघता बघता गुलाबी-लाल होतं. दिसायला ते गोळ्या-बिस्किटासारखं असतं आणि रांगणारं लेकरू त्याच ओट्यावर असतं. पुढं गोडी छाटणीला, म्हणजे घड धरण्यासाठीच्या छाटणीला, तुळजापूर-धाराशिवकडच्या द्राक्षबागांत फवाऱ्याची रांग लागते, ती घड पिकेपर्यंत सुटत नाही.

या दोन हंगामांच्या मधे घरात जे बोललं जातं, किंवा जिभेवर येऊन राहून जातं, ते इथे एका मामाच्या आणि त्याच्या भाचीच्या तोंडी घातलं आहे. मामाची थोडी सोयाबीन-तूर आणि दीड एकर द्राक्ष. भाची आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी. दोघं कल्पित आहेत, त्यांच्या बोलण्यात येणाऱ्या घटना आणि आकडे मात्र खरे आहेत. मला भाचीचं पटतं, हे आधीच सांगून टाकते. पण मामाचं म्हणणं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय तिचं बोलणं कुठल्याच गावात टिकणार नाही, असंही मला वाटतं.

भाची : मामा, आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांना टेकून औषधाचे डबे आहेत. वर खुंटीला फवारणीचा पंप टांगलाय. आणि वहिनीनं पाळणा तिथंच बांधलाय.

मामा : मग कुठं ठेवू? रानातल्या खोपीत ठेवलं तर चोरीला जातं. उधारीवर आणलेला माल हाय तो. झाकणं घट्ट हायती सगळी.

भाची : झाकण घट्ट असलं तरी खोलीत शिरलं की वास येतो. वास येतो म्हणजे हवेत आहेच.

मामा : आगं, आमच्या लहानपणी मलेरियावाले यायचे, भिंती डीडीटीनं पांढऱ्या करून जायचे. जोंधळ्याला कीड लागू नये म्हणून माय बीएचसीची पावडर मिसळायची. तेच दळून खाल्लं आम्ही. मेलो का?

भाची : डीडीटी शेतीत वापरायला १९८९ मध्ये बंदी आली, बीएचसीला १९९७ मध्ये. ती उगाच आली नाही. ही द्रव्यं अंगातल्या चरबीत साठून राहतात आणि आईच्या दुधातून लेकराच्या पोटात उतरतात. आणि मामा, मी मरणाचं बोलतच नाही. मेलं ते दिसतं, त्याचा पंचनामा होतो. जे लेकरू जगतं, हसतं-खेळतं, पण चौथीत गेलं तरी त्याला हातचा घेऊन वजाबाकी जमत नाही, एका जागी बसवत नाही, त्याचं काय? त्याला आपण ‘डोकं नाही’ म्हणून सोडून देतो.

मामा : ते औषधानंच झालं हे तुला कोण सांगितलं? बाप दारू पिणारा असंल. मास्तर शिकवत नसंल. पोटाला पुरेसं न्हाई मिळालं तरी लेकरू तसंच होतं.

भाची : ही शंका रास्त आहे. म्हणूनच मला मेक्सिकोतला याकी खोऱ्याचा अभ्यास महत्त्वाचा वाटतो. एलिझाबेथ गिलेट नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो केला, १९९८ मध्ये छापून आला. लोक एकाच जमातीचे, खाणंपिणं, राहणी सारखीच. फरक एवढाच की खोऱ्यात कालव्याची बागायत, तिथं १९४० च्या दशकाच्या शेवटापासून भरमसाठ फवारणी. वर डोंगरपायथ्याला गुरं पाळणारे, ते असलं औषध टाळायचे. बाईंनी दोन्हीकडच्या चार-पाच वर्षांच्या लेकरांना साधे खेळ दिले. चेंडू झेला. उड्या मारा. बाटलीच्या झाकणात मनुका टाका. माणसाचं चित्र काढा. ‘शेवटी तुला लाल फुगा देणार आहे’ असं सांगायचं आणि अर्ध्या तासानं विचारायचं, काय देणार म्हटलं होतं?

मामा : मग?

भाची : वाढीत, उंची-वजनात दोन्हीकडची पोरं सारखी. पण पायथ्याच्या पोरांनी काढलेल्या माणसाला डोकं होतं, धड होतं, हातपाय होते. खोऱ्यातल्या बऱ्याच पोरांच्या कागदावर नुसत्या रेघोट्या. त्यांना चेंडू झेलायला जड गेलं, उड्या मारताना दम लवकर सुटला, फुगा लक्षात ठेवणारीही कमी. मामा, मी अंगणवाडीत लेकरांचं वजन घेते, उंची घेते, दंडाचा घेर मोजते. त्या खोऱ्यातली पोरं माझ्या वहीत ‘सर्वसाधारण’ म्हणूनच बसली असती.

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. कुपोषण आपण शिकून घेतलं, ते वजनकाट्यावर दिसतं. या दुसऱ्या नुकसानाला काटा नाही. ते दिसण्यासाठी कुणीतरी मुद्दाम कागद-पेन्सिल घेऊन लेकरासमोर बसावं लागतं.

मामा : किती पोरं होती?

भाची : खोऱ्यातली तेहतीस, पायथ्याची सतरा.

मामा : पन्नास पोरांवरून तू दीडशे गावांच्या शेतीचा निकाल लावतीस?

भाची : नाही लावत. त्यानंतर कॅलिफोर्नियात सलिनास खोरं म्हणून भाजीपाल्याचा मोठा मुलूख आहे, तिथं बर्कली विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी यांनी सुमारे सहाशे गरोदर बायका नोंदवल्या आणि त्यांची मुलं वर्षानुवर्षं तपासली. बहुतेक मेक्सिकोतून आलेल्या शेतमजुरांची घरं. गरोदरपणी आईच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांचे अंश किती होते ते मोजून ठेवलं. मुलं सात वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक काढला. जिथं अंश सगळ्यात जास्त आणि जिथं सगळ्यात कमी, त्या दोन गटांत सरासरी सात गुणांचा फरक पडला. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आईचं शिक्षण, चाचणीची भाषा असं बरंच काही हिशोबात धरून. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहरातल्या मुलांवर कोलंबिया विद्यापीठानं क्लोरपायरीफॉसबद्दल असाच निष्कर्ष काढला. तिथं शेतीच नव्हती, घरातल्या झुरळांसाठी मारलेलं औषध होतं ते.

मामा : क्लोरपायरीफॉस तर वाळवीला वापरतो आपण. हुमणीला बी.

भाची : म्हणूनच सांगतेय.

मामा : मग मला का न्हाई काही होत? तीस वर्षं झाली मारतोय. डोकं दुखतं, मळमळतं, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं.

भाची : कारण तुमच्या अंगात ते मोडून टाकणारं एक विकर असतं, पीओएन-१ म्हणतात त्याला. नव्यानं जन्मलेल्या बाळात ते आईच्या मानानं चार पटींनी कमी असतं, आणि मोठ्यांच्या पातळीला यायला काही वर्षं जातात. दुसरं म्हणजे लेकरू वजनाच्या मानानं तुमच्यापेक्षा जास्त श्वास घेतं, जास्त पाणी पितं, जास्त खातं. तिसरं, ते जमिनीवर असतं. फवारून आलेल्या कपड्यांवरचं, चपलांवरचं सगळं जमिनीवर पडतं आणि त्याचा हात सारखा तोंडात जातो. आणि चौथं सगळ्यात मोठं: तुमचा मेंदू बांधून झालेला आहे. त्याचा अजून बांधला जातोय. ही औषधं किड्याला मारतात कशी? त्याच्या नसांमधला निरोप थांबू देत नाहीत, नस सतत चालू राहते आणि किडा तडफडून मरतो. माणसाची नस त्याच पद्धतीनं काम करते. पोटातल्या बाळात त्याच निरोपांच्या आधारानं मेंदूची जोडणी होत असते.

मामा : मी लाल त्रिकोणवालं आणतच न्हाई आता. हिरवं, निळं आणतो. दुकानदार म्हणला, हे साधं हाय.

कीटकनाशकाच्या वेष्टनावर एक चौकोन टोकावर उभा केलेला असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग सांगतो, औषध किती जहाल. लाल म्हणजे अतिविषारी, वर कवटी आणि ‘विष’ हा शब्द. मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. १९७१ च्या नियमांनी हे ठरवलं. मराठवाड्यातल्या निम्म्याहून अधिक शेतकऱ्यांनी या रंगांकडे एवढं लक्ष द्यावं, अशी खरं तर माझी इच्छाच आहे, आणि मामा देतो याचं मला कौतुक आहे. पण त्या रंगाला काय विचारलं तर काय उत्तर देता येतं, हे भाचीकडून ऐकावं.

भाची : तो रंग कसा ठरतो सांगू? उंदरांना एकदाच पाजायचं आणि निम्मे उंदीर किती डोसला मरतात ते बघायचं. वजनाच्या दर किलोमागे पन्नास मिलिग्रॅमपर्यंत मेले तर लाल. पाच हजारांच्या वर गेलं तर हिरवं. म्हणजे एका घोटात माणूस मरेल का, एवढंच त्या त्रिकोणाला माहीत असतं. रोज थोडं थोडं, पोटात असल्यापासून, चार वर्षं, याचं उत्तर त्याच्यापाशी नाही.

मामा : हे तू मला सांगतीस. सरकारला का न्हाई सांगत? कंपनीला? विकायला परवानगी कोण दिली? मी काय घरात कारखाना टाकलाय व्हय? जे दुकानात मिळतं, कृषी विभागाच्या शिफारशीत असतं, ते मारतो. २०१० ची गोष्ट आठवती का? तू शाळेत असशील.

भाची : द्राक्षाचे कंटेनर अडकले ती?

मामा : तीच. युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. वेलीची वाढ रोखायला सगळेच मारायचे ते, कुणी नको म्हणलं नव्हतं. तपासायच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. माल बंदरात अडकला, दर कोसळले, कर्ज शेतकऱ्याच्या बोकांडी बसलं. चूक कुणाची आन् भरली कुणी? तवापासून मला कुणी फवाऱ्याबद्दल बोललं की आधी ते आठवतं.

भाची : मलाही तेच आठवतं, मामा, पण उलट्या बाजूनं. त्याच्या आधी आणि नंतर काय झालं बघा. त्याच्या आधीच, २००६ पासून, शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेनं ग्रेपनेट ही नोंदणीची यंत्रणा उभी केली होती. निर्यातीची प्रत्येक बाग नोंदवायची, प्रत्येकीला क्रमांक. तोडणीआधी बागेतून नमुना उचलायचा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत अंश तपासायचे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं यादी करायची, कुठलं औषध तोडणीआधी किती दिवस बंद. २०१० नंतर क्लोरमेक्वाटही त्या यादीत गेलं. म्हणजे आपल्याला जमतं. मशीन आहे, माणसं आहेत, शिस्त आहे. तुम्ही स्वतः फवारणीची वही ठेवता, तारखेसकट.

मामा : ठेवावीच लागती.

भाची : मग बघा ना. रॉटरडॅमला उतरणाऱ्या घडात किती अंश आहेत ते दहा लाखांतल्या एका भागाहूनही बारीक मोजलं जातं, कारण तिथलं लेकरू ते खाणार आहे. त्याच घडावर ज्यानं फवारलं त्याच्या घरातल्या लेकराच्या अंगात किती गेलं, हे मोजायला कुणी येत नाही. तिथल्या लेकराला पिकलेला, धुतलेला घड मिळतो. आपल्याला छाटणीपासून पिकेपर्यंतचा सगळा फवारा मिळतो. मला राग कशाचा येतो सांगू? आपल्या जिल्ह्याला २०१८ मध्ये नीती आयोगानं आकांक्षित जिल्ह्यांत घेतलं. महाराष्ट्रातले चारच: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि आपण. एकोणपन्नास निर्देशांक ठरवले, प्रसूती, वजन, लसीकरण, शाळेतली शौचालयं, ठिबक, पीकविमा. सगळं दर महिन्याला भरायचं. त्यात लेकरू कुठल्या विषाच्या संपर्कात आहे का, असा रकाना नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, विकासातला विलंब तपासतं, ते चांगलंच आहे. पण उशिरा बोलणाऱ्या लेकराच्या आईला कुणी विचारत नाही, की बाई, पोटात होतं तेव्हा तू कुठल्या बागेत कामाला होतीस?

मामाचा २०१० चा राग आणि भाचीचा हा राग एकाच ठिकाणी जाऊन पोचतो, असं मला वाटतं. दोघंही विचारतात की मोजणी कुणासाठी. निर्यातीच्या द्राक्षानं आपल्याला दाखवून दिलं की शेतकऱ्याला नियम पाळता येतात, नोंदी ठेवता येतात, औषध वेळेवर थांबवताही येतं. फक्त त्यामागे कुणाचं तरी लेकरू महत्त्वाचं मानलेलं असावं लागतं. आपल्या लेकरासाठी ही यंत्रणा उभी करा, असा आग्रह धरायला मला तरी कुठलाही संकोच वाटत नाही.

मामा : बरं, तुझं सगळं खरं धरलं. उद्यापासून बंद करू? पावसाची झड लागली आन् सकाळी पानाखाली पांढरी बुरशी दिसली, तर चार दिवसांत घड गेलेच म्हणून समज. त्या डाऊनी रोगाला दया न्हाई. श्रीलंकेत काय झालं? २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं एका रात्रीत रासायनिक खतं-औषधं बंद केली. भात पडला, चहा पडला, काही महिन्यांत निर्णय गुंडाळावा लागला.

भाची : श्रीलंकेचंच उदाहरण घेऊ, पण पूर्ण. त्याच देशानं १९९५ पासून एकेक करून सगळ्यात जहाल औषधं बंद केली, १९९८ मध्ये एंडोसल्फान. आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलं आणि अभ्यासकांनी पाहिलं तर भाताच्या उताऱ्यात घट नव्हती. २०२१ मध्ये सगळं एकदम बंद केलं, ते फसलं. आधी निवडून, पर्याय देऊन बंद केलं, ते जमलं. मी तुम्हाला दुसरं मागतेय. आपल्याकडंही एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये थांबवलं, केरळच्या कासरगोडमधल्या लेकरांचे हाल देशानं बघितल्यावर. पेट्रोलमधलं शिसं २००० मध्ये काढलं. गाड्या चालतायत ना? मोनोक्रोटोफॉस २००५ मध्ये भाजीपाल्यावर बंद केलं आणि तरी ते मिळतच राहिलं. मग २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणाच्या तेलात उतरलं आणि तेवीस लेकरं गेली. तेल औषधाच्या डब्यात ठेवलं होतं म्हणतात. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदी यायला २०२३ उजाडलं.

मामा : ते ऐकलं होतं टीव्हीवर. तवापासून रिकामा डबा मी घरात येऊ देत न्हाई.

भाची : पण परवा गोठ्यात पाणी काढायला मोठा निळा डबा होता.

मामा : तो विद्राव्य खताचा हाय.

भाची : लेबल निघून गेलेलं आहे, मामा. उद्या लेकराला कसं कळायचं?

मामा यावर काही बोलत नाही. तो पाण्याचं विचारतो. बोअर आता फार खोल गेलंय, पाणी खारट लागतं, लेकराला उकळून दिलं तर चालेल का? भाची सांगते की नायट्रेट उकळल्यानं जात नाही, उलट पाणी आटलं की ते दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध त्या पाण्यात कालवून दिलं, तर रक्तातला प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, ओठ निळे पडतात. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेट सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांत शेजारचं बीड आहे, नांदेड आहे. ग्रामपंचायतीकडच्या पाणी तपासणीच्या पेटीत नायट्रेट आणि फ्लोराइड कळतं, कीटकनाशक कळत नाही. तेवढं बोलून दोघं पुन्हा फवाऱ्यावर येतात.

मामा : सुरक्षा किट घाला म्हणून कृषी सहायक सांगून जातो. कडक ऊन पडलं की त्या प्लास्टिकच्या कोटात माणूस उकडून निघतो. यवतमाळला २०१७ मध्ये वीसच्या वर माणसं गेली तवा सगळे म्हणले, मजुरांनी किट घातलं नव्हतं. पुरुषभर उंच कापूस, त्यात शिरून मारायचं, वर हवेचा दाब वाढवणारे नवे पंप, दोन-तीन औषधं एकत्र. दोष कुणाला? मेलेल्याला.

भाची : हे अगदी खरं आहे. म्हणून मी तुम्हाला किटबद्दल काही बोलणार नाही आज. मला लेकराबद्दल बोलायचंय आणि त्यात बरंचसं फुकटात होण्यासारखं आहे. डबे आणि पंप घरातून बाहेर, शेततळ्याच्या मोटारीच्या पेटीशेजारी एक लोखंडी पेटी, कुलूप. फवारून आलात की कपडे बाहेरच काढायचे, लेकरांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. नातू धावत आला तरी आंघोळीआधी कडेवर घ्यायचा नाही. बी चोळायचं ते ओट्यावर नाही, रानात, आणि उरलेलं गुलाबी बी घरी परत आणायचं नाही, कोंबड्यांनाही टाकायचं नाही.

मामा : नातवाला न्हाई घेतलं तर तो रडतो.

भाची : पाच मिनिटं रडेल.

मामा : आणखी?

भाची : शाळा. जिल्हा परिषदेची शाळा आणि अंगणवाडी तुमच्या बागेला लागून. फवारणीचा ब्लोअर चालू असतो तेव्हा वाऱ्यानं वर्गात वास येतो. कॅलिफोर्नियानं २०१८ पासून नियम केला, शाळेच्या पाव मैलाच्या आत सोमवार ते शुक्रवार, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, ब्लोअरसारखी उडणारी फवारणी नाही. आपण ग्रामसभेत ठराव करू.

मामा : तसं बघितलं तर शहाणा माणूस दुपारी मारतच न्हाई. वारं सुटतं, ऊन असतं, औषध पानावर बसत न्हाई. सकाळी नऊच्या आत न्हाईतर दिवस कलल्यावर. शाळा दहाला भरती. पण झड उघडली आन् चार तासांची उघाड मिळाली तर मी घड्याळ बघत बसणार न्हाई. तवा काय करायचं?

भाची : तेव्हा मला फोन करा. मी अंगणवाडी ताईंना आणि गुरुजींना सांगते, खिडक्या लावतील, पोरं मैदानावर सोडणार नाहीत, पाण्याची टाकी झाकतील. अर्धा तास आधी कळलं तरी पुष्कळ.

मामा : हे जमंल.

मामाचं ‘हे जमंल’ मला कुठल्याही परिपत्रकापेक्षा मोलाचं वाटतं. पण एवढ्यावर समाधान मानायची माझी तयारी नाही. एकेका घरानं पेटी आणून, कपडे वेगळे धुवून जे साधेल ते साधेल. कुठलं औषध बाजारात येऊ द्यायचं याचा निर्णय घरात होत नाही. त्यासाठीचा कायदा १९६८ सालचा. तो बदलण्याचं विधेयक २०२० मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं आणि पुढं वर्षानुवर्षं पडून राहिलं. लेकराच्या मेंदूवर काय परिणाम होतो हे परवान्याआधी तपासलंच पाहिजे, आणि युरोपनं स्वतःच्या शेतकऱ्याला नाकारलेलं द्रव्य आपल्या शेतकऱ्याला विकायचं असेल तर त्याचं कारण जाहीर सांगितलं पाहिजे, ही मागणी धाराशिवच्या आमदार-खासदारांच्या तोंडी आली पाहिजे. भाची ज्या शेवटच्या गोष्टीकडे वळते, ती अशाच एका द्रव्याची आहे.

भाची : आता अवघड गोष्ट. गोडी छाटणीनंतर पेस्ट लावायला बाया कोण असतात?

मामा : आपल्याच गावच्या. दहा-बारा जणी येतात.

गोडी छाटणीनंतर एक-दोन दिवसांतच काडीच्या टोकाकडच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. सगळे डोळे एकदम, एकसारखे फुटावेत म्हणून. बादलीत द्रावण, लावलेलं कळावं म्हणून त्यात रंग, हातात स्पंजाचा नाहीतर चिंधीचा बोळा. एकेक काडी धरून, एकेक डोळा ओला करत बायका ओळीतून पुढे सरकतात. हातमोजे फाटले की आत ओल शिरते, ती दिवसभर तिथंच राहते. युरोपीय संघानं २००८ मध्ये या द्रव्याला पीकसंरक्षणासाठी मान्यता नाकारली.

भाची : गेल्या हंगामात त्यातली एक चार महिन्यांची गरोदर होती. माझ्याकडं नोंद होती, पण ती पेस्टला जाते हे मला कळलं नव्हतं. मामा, गरोदर आणि अंगावर पाजणारी बाई औषध कालवायला, फवाऱ्याची नळी धरायला, पेस्ट लावायला नको. या एका गोष्टीवर मी मागं हटणार नाही.

मामा : मला सांगून आली नव्हती ती. आन् सांगितलं असतं तर मी नको म्हणलो असतो, मग ती शेजारच्या बागेत गेली असती. तिला घरी बसून कोण खायला घालतंय? तुमची ती मातृवंदनेची पाच हजारांची योजना, ती पण हप्त्यानं. पेस्टचा रोज दुसऱ्या कामापेक्षा जास्त असतो. म्हणूनच येतात.

भाची : मग तिला दुसरं काम द्या. छाटलेल्या काड्या वेचणं, मजुरांना पाणी देणं, क्रेट मोजणं.

मामा : त्या कामाचा रोज कमी.

भाची : पेस्टचाच द्या. गरोदर बाया असून असून किती, एक नाहीतर दोन. पेस्टचे दिवस किती, दोन नाहीतर तीन. एका फवाऱ्याचा खर्च काढा आणि त्याच्याशी ताडून बघा.

मामा : (थोडा वेळ हिशोब करून) बाकीच्या बाया म्हणतील, आम्ही हात जाळून घ्यायचे आन् तिला बसून तेवढाच रोज?

भाची : त्यांना मी सांगते. त्यातल्या प्रत्येकीच्या वेळी हेच होईल म्हणून सांगते.

मामा : माझ्या बागेत करीन मी. पण मी एकट्यानं केलं तर त्या सगळ्या पोटुशा बाया माझ्याच बागेत येतील, आन् शेजारी सुखात राहील. तो बी तयार पाहिजे. बागायतदारांचं बोलणं झालं पाहिजे.

भाची : चला मग त्यांच्याकडं. मी एकटी गेले तर म्हणतील, हिला द्राक्षातलं काय कळतं.

मामा : आत्ता नको, सोयाबीनच्या काढणीत कुणाला बसायला वेळ न्हाई. छाटणीच्या तारखा ठरवायला जमतात सगळे देवळात, त्या दिवशी ये. तो सात गुणांचा आकडा लिहून आण. आन् त्या पोरांची चित्रं मिळाली तर ती आण. आकडा इथं कुणी बघणार न्हाई, चित्र बघतील.